कान, ओल आणि बुरशी

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



मृग लागला आणि गोमंतकात पावसाने बैठक मारली की ग्रंथालयातील कपाटांची दारे फुगतात, पुठ्ठ्यांच्या बांधणीला दमट वास येऊ लागतो आणि एखादे जुने पुस्तक उघडावे तर खळीने चिकटवलेल्या पाठीवर काळसर भुकटी बोटांना लागते. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतांश चार महिन्यांत कोसळणारा. तेव्हा कपाटात वेखंड ठेवा, कडुनिंबाचा पाला ठेवा, डांबराच्या गोळ्या ठेवा, ती भुकटी यायची ती येतेच. ग्रंथपाल ती फडक्याने पुसतो आणि पुस्तक उन्हात ठेवण्यासाठी उन्हाची वाट पाहतो. ही काळी भुकटी म्हणजे बहुधा ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ नावाची बुरशी. हीच बुरशी शिळ्या भाकरीवर येते, कांद्याच्या सालीखाली काजळीसारखी दिसते आणि हीच माणसाच्या कानातही वाढते. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर कानाच्या आजाराचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असल्यास त्याचे एक उत्तर या भुकटीत आहे. दुसरे उत्तर असे, की या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी साठी ओलांडली आहे, आणि आज ज्या आजाराचे विवेचन करावयाचे आहे तो वयस्क, मधुमेही आणि दीर्घकाळ औषधे घेणाऱ्या माणसांचाच कान अधिक धरतो.

प्रथम नावाविषयी. फ्लॉरेन्सचे पिएर अँटोनियो मिकेली हे धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. या बुरशीचे शेंडे सूक्ष्मदर्शकातून पाहताना त्यांना चर्चमध्ये पवित्र तीर्थ शिंपडण्याच्या दांड्याची आठवण झाली. त्या उपकरणाचे लॅटिन नाव ‘अस्परजिलम’. त्यावरून त्यांनी १७२९ साली ‘अ‍ॅस्परजिलस’ हे नाव दिले. गोव्यातील वाचकांना हे उपकरण अपरिचित नाही. तीर्थ शिंपडावे तसे ही बुरशी आपले बीजाणू हवेत शिंपडते, आणि ते प्रत्येक माणसाच्या श्वासातून रोज आत जातात. शेकडो बीजाणू आत जाऊनही माणूस ठणठणीत राहतो, ही गोष्ट या व्याख्यानात आरंभापासून ध्यानात ठेवावी. बुरशी सर्वत्र आहे. रोग सर्वत्र नाही. त्यामुळे रोग होतो तेव्हा बुरशी कोठून आली याहून तिला थारा कशाने मिळाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

थारा मिळण्याची जागा म्हणजे बाह्य कर्णनलिका. प्रौढ माणसात ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, किंचित वाकडी आणि आतून पडद्याने बंद झालेली असते. बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोनतृतीयांश हाडाचा. अंधार, ऊब आणि बंद टोक या तिन्ही गोष्टी बुरशीला मानवणाऱ्या. तरीही सामान्यतः ती तेथे वाढत नाही, कारण निसर्गाने तेथे एक पहारेकरी नेमला आहे, आणि त्याला लोक ‘मळ’ म्हणून हिणवतात. हा मळ नलिकेच्या बाहेरच्या भागातील ग्रंथींतून पाझरतो. तो पाण्याला थारा देत नाही आणि किंचित आम्ल असल्याने जंतूंना मानवत नाही. शिवाय नलिकेची त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने संथपणे सरकत असते आणि मळाला आपल्याबरोबर दाराशी आणून सोडते. स्वतःची झाडलोट स्वतः करणारी अशी नळी शरीरात क्वचितच असेल. पण माणसाला हे पटत नाही. आगकाडी, केसांतील पिन, किल्ली, कापसाची काडी, आणि वाचनालयात बसल्या बसल्या लेखणीचे टोपण, जे हाताशी येईल ते कानात घालून तो हा पहारेकरी हुसकावून लावतो, त्वचेला ओरखडा काढतो आणि वर विहिरीत किंवा समुद्रात डुंबून तेथे पाणी साठवतो. यापुढचे काम बुरशी करते.

मराठी भाषेने या अवयवाविषयी मोठे मार्मिक भेद केले आहेत. डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा जागरूक ठरतो आणि कानात तेल घालून बसणारा मात्र बेफिकीर! वैद्यकाच्या दृष्टीने पाहता भाषेचा हा निवाडा अगदीच चुकीचा नाही. कान दुखला की लसूण कढवलेले तेल किंवा कोमट खोबरेल घालण्याची चाल घरोघरी आहे. आयुर्वेदात कर्णपूरण हा विधी सांगितला आहे हेही खरे. परंतु सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग वेगवेगळे मोजले आहेत, कर्णकंडू निराळा, कर्णस्राव निराळा, पूतिकर्ण निराळा, हे विसरले जाते. ज्या शास्त्राने इतके भेद केले, त्याच्या नावावर प्रत्येक कानदुखीला एकच वाटी तेल, हे त्या शास्त्राला शोभणारे नव्हे. बुरशी झालेल्या कानात तेल घातल्यास आतली घाण भिजून तेथेच बसते आणि पडद्याला छिद्र असल्यास मधल्या कानात उतरते. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ तेलाला मनाई करतात.

कानात बुरशी झाल्याचे पहिले लक्षण खाज. ती साधी नव्हे. माणसाला मध्यरात्री उठवून बसवील अशी. मागोमाग कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी येते, थोडा स्राव होतो, कधी दुखतो. डॉक्टर आत डोकावून पाहतात तेव्हा पांढुरका किंवा करडा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. इंग्रजी वैद्यकग्रंथांनी या दृश्याला दिलेली उपमा ग्रंथालयाच्या सभासदांनी लक्षात ठेवावी अशी आहे: भिजलेले वर्तमानपत्र! पांढरा कागद बुरशीच्या तंतूंचा आणि छापील अक्षरे तिच्या बीजाणूंची. ठिपके नसून दह्यासारखा पांढरा साका असेल तर ती बहुधा ‘कँडिडा’ जातीची. पक्के निदान हवे असल्यास लगद्याचा कण काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहतात. काही मिनिटांचे, अल्प खर्चाचे काम.

उपचारही निरोगी माणसात सोपा. तज्ज्ञाकडून कान स्वच्छ करून घेणे, कोरडा ठेवणे आणि क्लोट्रिमॅझोलसारख्या औषधाचे थेंब डॉक्टर सांगतील तितके दिवस घालणे. यात अर्धे यश स्वच्छतेचे असते, कारण लगदा तसाच ठेवून वरून टाकलेला थेंब मुळापर्यंत पोचत नाही. घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणी. औषधाच्या दुकानात ‘कानाचे थेंब द्या’ असे म्हटले की पुष्कळदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली बाटली हाती पडते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवस शमते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात प्रतिजैविकाने बुरशीशी जागेसाठी झगडणारे जिवाणू मारलेले असतात आणि स्टेरॉइडने त्या जागची प्रतिकारशक्ती निजवलेली असते. शेत नांगरून, तण काढून बुरशीच्या स्वाधीन करण्यासारखाच हा प्रकार. आठवड्याभराने खाज दुपटीने परतते आणि माणूस तीच बाटली पुन्हा आणतो.

इथपर्यंतची कथा त्रासाची आहे, भयाची नाही. ती भयाची होते ती प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या माणसात. रक्तातील काही पांढऱ्या पेशी बीजाणू गिळून टाकतात. त्यांतूनही जे रुजतात त्यांच्या तंतूंवर न्यूट्रोफिल नावाच्या पेशी तुटून पडतात. रक्ताच्या कर्करोगात आणि कर्करोगावरील औषधांनी या न्यूट्रोफिल पेशी कमी होतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला परके इंद्रिय शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. एड्समध्ये ती शक्तीच पोखरली जाते. दमा, संधिवात यांसाठी महिनोन् महिने स्टेरॉइड घेणारेही याच रांगेत येतात. आणि या सर्वांहून संख्येने अधिक असतात ते मधुमेही. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी असूनही सुस्त होतात, बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने त्या जागेवर वेळेत पोचत नाहीत, आणि मधुमेह्यांच्या कानातील मळ इतरांच्या मानाने कमी आम्ल असतो असेही आढळले आहे. पहारेकरी आहे, पण पेंगुळलेला!

अशा कानात जो भयंकर प्रकार घडू शकतो त्याचे पहिले स्पष्ट वर्णन १९५९ साली मेल्ट्झर आणि केलेमन यांनी केले, आणि १९६८ साली अमेरिकेतील चँडलर यांनी त्याला ‘मॅलिग्नंट एक्स्टर्नल ओटायटिस’ असे नाव दिले. मॅलिग्नंट म्हटल्यामुळे तो कर्करोग वाटतो; तो तसा नाही. पण त्याची वागणूक तितकीच निर्दय, म्हणून ते नाव. हल्ली ‘नेक्रोटायझिंग’, म्हणजे ऊती मारत जाणारा, हा शब्द अधिक रूढ आहे. कर्णनलिकेच्या कूर्चेत जन्मतःच बारीक फटी असतात. जंतुसंसर्ग या फटींतून खाली उतरतो आणि कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच हाडातून, कानाच्या मागे बाहेर पडते. ती सापडली की तोंड वाकडे होते. आणखी पुढे गेल्यास गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा निकामी होतात. प्रभावी प्रतिजैविके येण्यापूर्वी या रोगाचे सुमारे निम्मे रुग्ण दगावत.

बहुतेक रुग्णांत याचे कारण ‘स्युडोमोनास’ नावाचा जिवाणू असतो, हे येथे स्वच्छपणे सांगितले पाहिजे. परंतु थोड्या रुग्णांत तेच काम बुरशी करते. प्रामुख्याने अ‍ॅस्परजिलसच्या जाती, आणि त्याही विशेषतः एड्स, रक्ताचा कर्करोग किंवा इंद्रियरोपण यांनी दुबळ्या झालेल्या रुग्णांत. मधुमेही यातून सुटत नाहीत. बुरशीचा हा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो ओळखण्यास उशीर होतो. रुग्ण मधुमेही, कान दुखतो, म्हणून जिवाणूवरील औषध सुरू होते. तीन आठवडे, चार आठवडे लोटतात. वेदना हटत नाही. कानातील स्राव तपासावा तर औषधांच्या माऱ्याखाली जिवाणू सापडत नाही, आणि बुरशी सापडली तरी ती ‘हवेतली असेल’ म्हणून बाजूला ठेवली जाते. शेवटी शस्त्रक्रियेने खोलवरचा तुकडा काढून तपासावा तेव्हा ऊतींत घुसलेले तंतू दिसतात. मग व्होरिकोनॅझोलसारखे औषध आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी मोजून द्यावे लागते आणि त्या काळात यकृताच्या तपासण्या करत राहावे लागते.

या रोगाची खूण वेदनेच्या प्रमाणात आहे. कानात डोकावून पाहावे तर फारसे काही दिसत नाही, आणि रुग्ण मात्र रात्ररात्र तळमळतो. वेदना जबड्यात, कानशिलात उतरते. घास चावताना वाढते. वयस्क मधुमेही माणसाची अशी कानदुखी थेंबांवर भागवता येत नाही. तोंडाची एक बाजू उतरली तर थंडी लागली, वारा लागला असे म्हणून शेक घेत बसण्यात दिवस दवडता येत नाहीत. आणखी एक गोष्ट. मधुमेही वृद्धाच्या कानातील मळ काढण्यासाठी पिचकारीने नळाचे पाणी मारले आणि त्यानंतर हा रोग उद्भवला, अशी उदाहरणे वैद्यकग्रंथांत नोंदलेली आहेत. कान साफ करणाऱ्यालाही रुग्णाची साखर ठाऊक असावी लागते ती यासाठी. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचाही येथे उल्लेख करायला हवा. यंत्राच्या साच्यामुळे कान दिवसभर कोंडलेला राहतो. रात्री यंत्र काढून साचा पुसून कोरडा केला नाही तर ओल तेथेच राहते. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईनासे झाले की ‘वय झाले’ हे निदान घरातल्या घरात इतक्या सहज होते, की आतला लगदा कोणी पाहतच नाही!

दुबळ्या शरीरात बुरशी काय करते याचा अनुभव भारताने २०२१ साली घेतला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा वापर आणि मधुमेह एकत्र आले आणि म्युकरमायकोसिसची साथच उसळली. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांतील चार हजारांहून अधिक दगावले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातेत होते. ती बुरशी नाकावाटे शिरून डोळ्यांकडे आणि मेंदूकडे जात असे, कानाकडे क्वचितच. वृत्तपत्रांनी तिला ‘काळी बुरशी’ म्हटले. भाषेच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. म्युकर जातीची बुरशी स्वतः काळी नसते; रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती काळी पडते. खरी काळी बुरशी म्हणजे पुस्तकावरची आणि कानातली अ‍ॅस्परजिलस नायजर. चुकीच्या नावाचा परिणाम असा झाला, की त्या दिवसांत भिंतीवरची आणि कांद्यावरची काळी बुरशी पाहूनही लोक धास्तावले. आणि ज्या अनियंत्रित साखरेला भ्यायला हवे होते तिच्याकडे पुष्कळांचा कानाडोळाच राहिला.

त्या साथीत अँफोटेरिसिन या इंजेक्शनासाठी नातेवाईक गावोगाव भटकले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. बुरशीवरची औषधे इतकी थोडी का, याचे कारण जीवशास्त्रात आहे. जिवाणू हा माणसाहून फार निराळा जीव, त्यामुळे त्याला मारून माणसाला वाचवणारी औषधे शोधणे त्या मानाने सोपे गेले. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षाही प्राण्यांना जवळची. तिच्या पेशीची घडण माणसाच्या पेशीसारखी. जे तिला मारते ते माणसालाही इजा करण्याचा संभव फार. पेशीच्या आवरणात माणसाकडे कोलेस्टेरॉल आहे तेथे बुरशीकडे अर्गोस्टेरॉल आहे; बहुतेक औषधे या एवढ्याशा भेदावर उभी आहेत.

माणसाला देता येण्याजोगे पहिले परिणामकारक बुरशीनाशक दोन स्त्रियांनी शोधले. एलिझाबेथ ली हेझन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ न्यू यॉर्क शहरात आणि रेचेल फुलर ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ ऑल्बनीला. दोघीही न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्यखात्याच्या नोकरीत. हेझनबाई ठिकठिकाणच्या मातीतील सूक्ष्मजीव वाढवून त्यांतला कोणता बुरशीला मारतो हे पाहत, बरणी टपालाने ऑल्बनीला पाठवत. ब्राउनबाई त्यातील द्रव्य वेगळे करून पुन्हा टपालाने धाडत. व्हर्जिनियात हेझन यांच्या परिचितांच्या शेतातील मातीत हवा तो जीव सापडला आणि १९५० साली औषध जाहीर झाले. ज्या राज्याच्या नोकरीत ते सापडले त्या ‘न्यू यॉर्क स्टेट’ची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव ‘निस्टॅटिन’ ठेवले गेले. या औषधाच्या स्वामित्वधनाची रक्कम सव्वा कोट डॉलरच्या वर गेली. दोघींनी त्यातील एक पैसाही स्वतःकडे न घेता तो सारा निधी विज्ञानसंशोधनासाठी देऊन टाकला. निस्टॅटिन तोंडातील, त्वचेवरील, कानातील कँडिडावर उपयोगी पडले. शिरेतून देण्याइतके मात्र ते सौम्य नव्हते. आणि ग्रंथालयात आवर्जून सांगावी अशी हकीकत पुढेच आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्स शहर बुडाले, तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ चिखलात गेले, लाकडी फळ्यांवरील जुनी चित्रे भिजून त्यांवर बुरशी चढू लागली. ती चित्रे वाचवण्यासाठी जे औषध वापरले गेले ते निस्टॅटिनच! मिकेली यांनी ज्या शहरात बुरशीला नाव दिले, त्याच शहरात.

आता शेवटची आणि सर्वांत नवी गोष्ट. २००९ साली टोकियोतील एका रुग्णालयात सत्तर वर्षांच्या एका स्त्रीच्या कानातील स्राव तपासताना कँडिडाची एक अपरिचित जात आढळली. कानात सापडली म्हणून तिचे नाव ‘कँडिडा ऑरिस’. लॅटिनमध्ये ‘ऑरिस’ म्हणजे कान. पाठोपाठ कोरियातील कानफुटीच्या काही रुग्णांतही तीच असल्याचे ध्यानात आले. प्रयोगशाळांच्या नेहमीच्या चाचण्या तिला दुसऱ्याच एका जातीच्या नावाने ओळखत होत्या. कानापुरतीच राहिली असती तर एका ओळीची नोंद होऊन ती विस्मृतीत गेली असती. परंतु २०११ साली कोरियातच ती रक्तात सापडली. २०१३ साली दिल्लीतील रुग्णालयांमधील रुग्णांच्या रक्तात सापडल्याचे प्रसिद्ध झाले. आणि भारत-पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला अशा दूरदूरच्या प्रदेशांत तिचे निरनिराळे वंश जवळजवळ एकाच वेळी उगवले. पूर्व आशियातील वंश आजही मुख्यत्वे कानात आढळतो. दक्षिण आशियातील वंश रक्तात शिरतो. अतिदक्षता विभागात खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर, त्वचेवर ती चिकटून राहते, नेहमीच्या जंतुनाशकांना सहज दाद देत नाही, आणि फ्लुकोनॅझोल हे औषध तिच्यापुढे बहुधा निकामी ठरते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली. सर्वांत तातडीच्या गटात जी चार नावे आहेत त्यांत कँडिडा ऑरिस आहे आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसही आहे.

ती आली कोठून, यावर तर्क चालू आहेत. बहुतेक बुरशींना माणसाच्या शरीराची ऊब सोसत नाही. ३७ अंशांवर त्या वाढत नाहीत, आणि माणसाचे हे मोठेच संरक्षण आहे. कँडिडा ऑरिस चाळीस अंशांच्या वरही वाढते, खारटपणाही सोसते. पृथ्वीचे तापमान वाढत चालल्याने ही बुरशी उष्णतेला सरावली असावी, असा एक सिद्धान्त २०१९ साली मांडला गेला. २०२१ साली भारतीय संशोधकांना ती अंदमान बेटांवरील खारट दलदलीत आणि वाळूच्या किनाऱ्यावर मिळाली. रुग्णालयाबाहेरच्या निसर्गात ती सापडण्याची ती पहिली वेळ. २०२४ साली वर्गीकरणशास्त्रज्ञांनी तिचे कूळ बदलून ‘कँडिडोझायमा’ असे नवे नाव सुचवले आहे. कुळाचे नाव बदलले. पुढचे ‘ऑरिस’ मात्र जसेच्या तसे राहिले आहे.